बाहुलीघर

बाहुलीघर : घर, त्यातील दालने, फर्निचर, भांडीकुंडी व इतर गृहोपयोगी वस्तू यांची ठराविक प्रमाणात लहान केलेली तपशीलवार प्रतिकृती. बाहुलीघर हे सामान्यतः मुलींचे खेळणे समजले जाते. तथापि यूरोपात सतराव्या व अठराव्या शतकांत तयार झालेली बहुतेक प्रसिद्ध बाहुलीघरे प्रौढांसाठी, विशेषतः संपन्न घराण्यांतील स्त्रियांसाठी होती. हस्तकौशल्याचे नमुने म्हणून त्यांचे मोल आहेच. शिवाय जे गृहजीवन अन्यत्र मागमूस न ठेवता लोपले, त्याचा पुरावा म्हणूनही त्यांना महत्त्व आहे.

दैनंदिन व्यवहारांच्या लघुप्रतिकृती करण्याची प्रथा फार प्राचीन आहे. ईजिप्तमध्ये थीब्झ येथील मेकेत्रे या उच्चाधिकाऱ्याच्या थडग्यात (इ. स. पू. सु. २०००) लाकडी प्रतिकृतींचा मोठा संच १९२० मध्ये सापडला. थडग्याची पूर्वीच लूट झाली होती. परंतु एक छोटी बंदिस्त कोठडी चोरांच्या नजरेतून सुटली होती. धान्याचे कोठार, भटारखाना, विणकरांची व सुतारांची कामाची जागा, गुरांची मोजदाद, नौका असे प्रसंग त्यांत दाखविले आहेत. मृताला परलोकी काही उणे पडू नये, हा त्यांमागील हेतू होता. कारागिरांची हत्यारे, त्यांची बसण्याची ढब व कामांची विभागणी यांची माहिती मात्र त्यांतून आपसूक टिकून राहिली.

यूरोपातील बाहुलीघराचा सर्वपरिचित जुना उल्लेख बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्ट याच्या बाहुलीघराचा आहे. ते १५५८ मध्ये म्यूनिक येथे तयार झाले व १६७४ मधील आगीत जळाले. १५९८ च्या वस्तुसूचीतील नोंदीवरूनच ते आज ज्ञात आहे. सतराव्या शतकात न्यूरेंबर्ग हे या कलेचे प्रमुख केंद्र बनले. तेथील आना कोफर्लिन हिने १६३१ मध्ये आपले बाहुलीघर लोकांना पाहण्यास खुले केले. मुलांना घरकामाचे व व्यवस्थितपणाचे शिक्षण मिळावे, असा तिचा उद्देश होता. महाराष्ट्रातील भातुकलीची भांडी व सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळभांडी यांतूनही खेळता खेळता संसाराची ओळख होते. मात्र ही भांडी सुटी असतात, त्यांत घराची वास्तू नसते.

नेदर्लंड्समध्ये शिसवी वा कासवाच्या पाठीचे जडावकाम केलेल्या उंची कपाटात बाहुलीघर थाटण्याची पद्धत होती. ॲमस्टरडॅम येथील रेशीमव्यापाऱ्याची पत्नी पेट्रोनेल्ला ओर्टमान हिचे बाहुलीघर (सु. १६८६–१७१०) यांत सर्वश्रेष्ठ मानले जाते. त्यातील वस्तू एकाच प्रमाणात व खऱ्या द्रव्यांपासून केल्या आहेत. चिनी मातीची भांडी तिने चीनमधून करवून आणली. सजावट सुतार व चित्रकार यांच्याकडून करून घेतली. त्यावर झालेला खर्च ॲमस्टरडॅममधील कालव्याकाठच्या खऱ्या घराच्या किमतीएवढा होता, असे मानतात. याकोब आपेल या चित्रकाराने सु. १७१० मध्ये या बाहुलीघराचे चित्र काढले. त्यात दिसणाऱ्या बाहुल्या बहुतेक नाहीशा झाल्या आहेत. स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, कपड्यांची खोली व त्यांतील वस्तू मात्र राहिल्या. खऱ्या घरांतील अशा खोल्या पिढ्यान् पिढ्या बदलत गेल्याने गृहजीवनाच्या अभ्यासकांना या कपाटाचा मोठा आधार वाटतो. तथापि हा पुरावा एकांगी आहे. मालकिणीला जे घर हवेसे वाटले, तेच त्यात आहे. दारिद्र्य, अस्वच्छता व कलह यांना त्यात स्थान नाही.

इंग्लंडमधील राणी मेरीचे बाहुलीघर (१९२१–२४) हे या परंपरेचे विसाव्या शतकातील भव्य उदाहरण होय. नवी दिल्लीचे वास्तुशिल्पज्ञ एडविन ल्युटेन्स यांनी त्याचा आराखडा केला. विजेचे दिवे, वाहते पाणी व चालणारी उद्‌वाहने त्यात आहेत; ग्रंथालयासाठी आर्थर कॉनन डॉइल, रड्यर्ड किपलिंग, टॉमस हार्डी आदींनी इवल्याशा पुस्तकांत लेखन दिले. १९२४ मध्ये वेम्ब्ली येथील ब्रिटिश साम्राज्याच्या प्रदर्शनात ते ठेवण्यात आले. नंतर ते विंझर कॅसलमध्ये नेण्यात आले.

या बाहुलीघराचे प्रमाण एकास बारा, म्हणजे एका फुटास एक इंच, असे आहे. विसाव्या शतकात तेच सर्वाधिक रूढ झाले. या प्रमाणात लांबी बारा पटींनी घटते, तर घनफळ १,७२८ पटींनी. त्यामुळे ७५० मिलि.ची बाटली अर्धा मिलि.हूनही कमी द्रव धरते. परंतु द्रव्याचे गुणधर्म प्रमाणात घटत नाहीत, ही कारागिराची खरी अडचण. साध्या कापडाचा पडदा नैसर्गिकपणे लोंबत नाही, ताठ उभा राहतो. ठळक रेषांचे लाकूड टेबलाला शोभत नाही. म्हणून अतितलम रेशीम व बारीक पोताचे लाकूड वापरावे लागते. एकच वस्तू प्रमाणाबाहेर गेली, तरी सबंध खोलीचा आभास भंगतो.

अमेरिकेत नार्सिसा थॉर्न यांनी १९३० नंतरच्या दशकात कुशल कारागिरांकडून यूरोपीय व अमेरिकन गृहसजावटीचा इतिहास दाखविणाऱ्या खोल्या करवून घेतल्या. त्यांपैकी ६८ खोल्या शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. या कलेला सर्वस्वी निराळे वळण दिले ते फ्रान्सिस ग्लेसनर ली (१८७८–१९६२) यांनी. संशयास्पद मृत्यूंच्या तपासात पोलिसांच्या अजाणतेपणामुळे पुरावा नष्ट होतो आणि शिक्षणासाठी घटनास्थळ जसेच्या तसे जपून ठेवता येत नाही, हे त्यांनी जाणले. म्हणून १९४० नंतरच्या दशकात त्यांनी ‘नटशेल स्टडीज ऑफ अनएक्स्प्लेन्ड डेथ’ ही प्रसंगदृश्यांची मालिका सिद्ध केली. खोल्यांचे सुतारकाम दुसऱ्याकडून करून घेतले, तरी बाहुल्या त्या स्वतः करीत व त्यांचे मोजे टाचण्यांनी विणीत. मृतदेहाच्या त्वचेचा रंग, रक्ताचे डाग, सांडलेल्या वस्तू यांपैकी प्रत्येक तपशील तपासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. हार्व्हर्ड विद्यापीठातील परिसंवादांत पोलीस अधिकारी ठराविक वेळात ही दृश्ये न्याहाळून आपली निरीक्षणे मांडत. पुढे मालिकेतील अठरा दृश्ये बॉल्टिमोर येथे नेण्यात आली. २०१७–१८ मध्ये वॉशिंग्टन येथे संपूर्ण उपलब्ध मालिकेचे प्रदर्शन झाले, त्या वेळी उष्णतेने हानी करणारे जुने दिवे बदलण्यात आले.

या दृश्यांतील घरे बव्हंशी सामान्य व गरीब लोकांची असून मृतांत स्त्रियांची संख्या बरीच आहे. ज्यांच्या मृत्यूची चौकशी वरवर उरकली जाण्याचा संभव अधिक, त्यांच्या खोल्याही ली यांनी श्रीमंतांच्या बाहुलीघरांइतक्याच निगुतीने उभ्या केल्या. मिरविण्यासाठी वाढलेल्या कलेचा असा न्यायाच्या कामी उपयोग झाला.