तिबेटी लोक

तिबेटच्या पठारावरील मूळ रहिवासी. तिबेटी-ब्रह्मी गटातील भाषा बोलणारा, बहुसंख्येने बौद्ध असलेला समाज. सातव्या शतकात राजा सोंगत्सेन गाम्पो याने पठारावर एकछत्री सत्ता उभी केली; भारतीय लिपीवरून तिबेटी लिपी घडली तीही परंपरेनुसार त्याच्याच काळात. आठव्या शतकात शांतरक्षित व पद्मसंभव यांच्या साहाय्याने साम्ये येथे पहिला विहार स्थापन झाला. न्यिंगमा, काग्यू, साक्य व गेलुग हे प्रमुख संप्रदाय होत (पहा : वज्रयान), बौद्धपूर्व बोन परंपराही टिकून आहे. मूळ संस्कृतात लुप्त झालेले अनेक बौद्ध ग्रंथ आज कांग्यूर व तेंग्यूर या संग्रहांतील भाषांतरांमुळेच वाचता येतात. भारतीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना हे संग्रह अपरिहार्य आहेत. १९५० मध्ये चिनी सैन्य तिबेटात शिरले. मार्च १९५९ च्या ल्हासा येथील उठावानंतर चौदावे दलाई लामा भारतात आले (पहा : दलाई लामा), १९६० पासून धरमशाला हे निर्वासित प्रशासनाचे केंद्र आहे. कर्नाटकातील बैलकुप्पे येथे सेरा, तर मुंडगोड येथे गांदेन व द्रेपुंग हे मठ पुन्हा उभारले गेले. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यात नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. शेती आणि हिवाळ्यात शहरोशहरी लोकरी कपड्यांची विक्री ही वसाहतींतील उपजीविकेची साधने. २०११ मध्ये दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार लोकनिर्वाचित नेतृत्वाकडे सोपवले.