काडतुसाचे पितळी कवच

काडतुसाचे पितळी कवच : गोळी, दारू व पेट घेणारी टोपी यांना एकत्र धरून ठेवणारी धातूची नळी. रायफलीच्या काडतुसासाठी सामान्यतः सु. ७०% तांबे व ३०% जस्त असलेले पितळ वापरतात. बार उडताच कवच फुगून कोठीच्या भिंतीला चिकटते व वायूला मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच ते किंचित आकसते, परंतु मूळ मापावर येत नाही. ते पुन्हा भरावयाचे झाल्यास पोलादी डायमध्ये दाबून पूर्ववत करावे लागते. या क्रियेस पुनराकारण म्हणता येईल. सर्व कवचे सारख्या मापाची उतरविणे हीच तीतील अडचण असून तिचे मूळ पितळाच्या गुणधर्मांत आहे.

इतिहास : ब्रिटिश सैन्याने १८६७ च्या सुमारास स्नायडर रायफलीसाठी स्वीकारलेले कवच पितळी पत्र्याची गुंडाळी करून बनविलेले होते. पुढे मार्टिनी-हेन्री रायफलीतही हीच पद्धत होती. १८८४-८५ च्या सुदान मोहिमेत अशी कवचे कोठीत अडकून ऐन लढाईत बंदुका निकामी झाल्या. त्यानंतर पितळी चकतीपासून ओढून काढलेले एकसंध कवच रूढ झाले. महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये व जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६४ मध्ये दारूगोळ्याचे कारखाने निघाले. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाल्यावर दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आले.

अनुशीतन : पितळ थंड असताना ठोकले वा ओढले की कठीण होते व अखेर तडकते, तापविल्यास पुन्हा मऊ होते. गोदावरीच्या एका तीरावर पंचवटी व दुसऱ्या तीरावर जुने नाशिक वसलेले आहे. या जुन्या नाशकातील तांबटांच्या व्यवसायाचा आधारही हाच नियम होय. भांडे मठारताना तांबट मधूनमधून त्यास ताव देतो. काडतुसाच्या कारखान्यात प्रत्येक ओढीनंतर हेच काम भट्टी करते. फरक इतकाच, की काडतुसाची मान मऊ व बूड कठीण राहावे लागते. बूड मऊ पडल्यास ते दाब सोसू शकत नाही आणि नेमबाजाच्या जिवावर बेतते.

हवामानाने तडकणे : एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेत पावसाळ्यात तबेल्यांत साठविलेली काडतुसे आपोआप तडकलेली आढळत. याचा उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी केला. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि ओढकामामुळे धातूत उरलेला ताण यांचा तो संयुक्त परिणाम होता. माफक तापमानास अनुशीतन केल्यास हा ताण निघून जातो.

पुनराकारण : अमेरिकेत वापरलेली कवचे घरी भरण्याची प्रथा जुनी आहे, जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये स्थापिलेल्या आयडियल कंपनीची चिमट्यासारखी हत्यारे याच कामाची होती. डायमधून बाहेर येताच कवच थोडे उसळून मोठे होते व ही उसळी पितळाच्या कठीणपणाप्रमाणे बदलते. त्यामुळे एकदा उडविलेले व पाच वेळा उडविलेले कवच एकाच डायमधून निराळ्या मापाचे निघते. म्हणून सारख्या वापराची कवचे वेगळी ठेवणे, मानेस ठराविक वापरानंतर अनुशीतन देणे, वंगणाचा लेप सारखा लावणे, दाब सावकाश व समान देणे आणि खांद्याचे अंतर मापकाने तपासणे या गोष्टी आवश्यक ठरतात. बिनकडेच्या काडतुसात खांदा प्रमाणाबाहेर मागे ढकलला गेल्यास कवच बुडाजवळ ताणले जाऊन तुटते. पुरेसा मागे न गेल्यास रायफलीचा बोल्ट बंद होत नाही.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील पाचव्या कलमानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे. त्यामुळे येथे ही विद्या घरगुती छंद न होता कारखान्यांतच वाढली. तथापि धातूचा नियम घरी व कारखान्यात एकच आहे. डाय केवळ बाह्य माप देते. ते टिकणे वा न टिकणे हे त्या पितळाने आधी किती ठोक व किती ताव सोसला आहे यावर अवलंबून असते.