सातबाऱ्यावर बागायत, रानात जिरायत

या आठवड्यात तिघांनी एकच प्रश्न विचारला, "रान सोलरला भाड्यानं देऊ का?" म्हणून जरा मागचं सांगतो.

आमच्या विहिरीवर आधी मोट होती, मग इंजिन आलं, मग वीजपंप. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअरच्या गाड्या फिरल्या आणि पाणी खोल खोल गेलं. आज त्याच रानात पाऊस पडला तर पीक, नाहीतर ढेकळं. सातबारा मात्र अजून बागायत म्हणतो.

२०१७ मध्ये राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. हेतू चांगला, शेतीपंपाला दिवसा वीज. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात भाडं ठरलं हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार, त्यावर दरसाल ३ टक्के वाढ. कोरड्या रानाचे एवढे पैसे दुसरं कोण देणार? मोह होणारच, मलाही झाला. पण मी पाहिलेल्या प्रकल्पांत पॅनेल कमरेएवढ्या उंचीवर आहेत. खाली ना कुळव चालतो, ना खुरपं. म्हणजे भाडं सुरू आणि शेती बंद.

खरं तर दोन्ही एकत्र करायची कल्पना जुनी आहे. १९८२ मध्ये जर्मनीच्या गोएट्झबर्गर आणि झास्ट्रो या शास्त्रज्ञांनी मांडलं, की पॅनेल दोन मीटर उंच आणि ओळी लांब ठेवल्या तर जवळपास दोन तृतीयांश ऊन पिकाला मिळतं. जपानमध्ये २००४ च्या सुमारास अकिरा नागाशिमांनी ते करून दाखवलं. २०१३ मध्ये तिथल्या सरकारनं परवानगी दिली, पण अट घातली: खालचं पीक त्या भागातल्या सरासरीच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये.

लांब कशाला, जोधपूरच्या काझरी संस्थेनं वाळवंटात पॅनेलच्या ओळींमध्ये मूग, मटकी, गवार घेतली. पॅनेलवरून ओघळणारं पावसाचं पाणी टाकीत साठवलं. त्याच पाण्यानं पॅनेल धुतले, उरलेलं पिकाला दिलं. ज्याची विहीर आटली त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

म्हणून सहीआधी तीन गोष्टी विचारा आणि करारात लिहून घ्या. पॅनेलची उंची किती? मधल्या पट्ट्यात पेरायचा हक्क कुणाचा? मुदत संपल्यावर लोखंड आणि काँक्रीट कोण काढणार?

आपल्याकडं कुणी पॅनेलखाली पेरलं असेल तर कळवा. बघायला येतो.