शेजाऱ्याच्या घरात घुसलेला शेजारी

शाळेत आपण युद्धांचा इतिहास शिकलो तो राजांचा आणि तहांचा. कोण जिंकलं, कोण हरलं, कुठला किल्ला कोणाकडे गेला. पण एका देशावर शेजारी चालून आला तेव्हा बाकीचं जग काय करत होतं, हे पुस्तकात दोन ओळींत संपतं. मला वाटतं, शिकण्यासारखं पुष्कळसं त्या दोन ओळींतच असतं. गल्लीत एका घरावर दरोडा पडला की कोण धावून येतं, कोण खिडकी किलकिली करून बघतं, कोण दाराला आतून कडी घालतं आणि कोण दुसऱ्या दिवशी "मी आधीच म्हणत होते" असं सांगतं, त्यावरून गल्ली कळते. देशांचंही याहून वेगळं नाही. म्हणून इथे कुवेतची गोष्ट सांगते. ती आपल्या डोळ्यांदेखतची आहे, आणि तिची झळ आपल्याही घरांना लागलेली आहे.

कुवेत केवढा? आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढा. बहुतेक सगळं वाळवंट, खाली मात्र तेलाचा साठा. तेल सापडायच्या आधी तिथले लोक समुद्रातून मोती काढायचे, आणि ते मोती विकायला मुंबईच्या बाजारात यायचे. १९६१ पर्यंत कुवेतच्या बाजारात आपला रुपया चालत होता. आपल्या रिझर्व्ह बँकेनं १९५९ मध्ये आखाती देशांसाठी वेगळ्या नोटासुद्धा काढल्या होत्या. तेव्हा कुवेत आपल्याला परका कधीच नव्हता. पुढे तेलाचा पैसा आला आणि केरळ, गोवा, मुंबई, आंध्र इथून माणसं तिकडे जाऊ लागली. १९९० साली तिथे सुमारे १,७०,००० भारतीय होते. कोणी तेल कंपनीत, कोणी इस्पितळात परिचारिका, कोणी शिक्षक, कोणी ड्रायव्हर, आणि कितीतरी बाया लोकांच्या घरी स्वयंपाकपाणी आणि मुलं सांभाळणाऱ्या.

शेजारच्या इराकनं १९८० ते १९८८ अशी आठ वर्षं इराणशी लढाई केली. त्या लढाईसाठी कुवेतनंच त्याला कर्ज दिलं होतं. लढाई संपल्यावर इराक कंगाल झाला होता. कर्ज माफ करा, तेल कमी काढा म्हणजे भाव चढेल, आमच्या हद्दीतलं तेल तुम्ही चोरता, अशा तक्रारी सुरू झाल्या. त्यातल्या एकदोन तक्रारींत तथ्यही असेल. पण उसनवारीवरून भांडण झालं म्हणून कोणी सावकाराचं घर बळकावत नाही. २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे, लोक झोपेत असताना, सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या. कुवेतचे अमीर सौदी अरेबियात निसटले. आठवड्यात कुवेत इराकला जोडल्याची घोषणा झाली, आणि महिनाअखेर तो इराकचा एकोणिसावा प्रांत असल्याचं जाहीर झालं.

आता गल्ली काय करते ते पाहू.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं त्याच दिवशी ठराव केला की इराकनं बिनशर्त माघारी जावं. बाजूनं १४ मतं पडली, विरोधात एकही नाही. येमेननं मतदानात भागच घेतला नाही. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया चाळीस वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, पण त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी मॉस्कोत एकत्र उभं राहून निषेध केला. ६ ऑगस्टला इराकशी व्यापार बंद करण्याचा ठराव झाला. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारा स्वित्झर्लंडही त्या बंदीत उतरला. हे सगळं ऐकायला फार चांगलं वाटतं. जग एका आवाजात "हे चालणार नाही" म्हणालं, असं क्वचित घडतं.

पण आवाज एक असला तरी पोटातली कारणं वेगवेगळी होती. अमेरिकेला कुवेतच्या न्यायाइतकीच सौदीच्या तेलाची काळजी होती. इजिप्तनं फौज पाठवली, आणि अमेरिकेनं त्याचं सुमारे सात अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं. जपाननं माणूस पाठवला नाही, पैसे दिले, तेही १३ अब्ज डॉलर. कैरोत अरब देशांची बैठक झाली, तिथे भाऊबंदकी उघडी पडली. फौज पाठवायच्या बाजूनं बारा देश, बाकीचे कोणी विरोधात, कोणी तटस्थ, कोणी गप्प. इराकशी व्यवहार असलेला जॉर्डन पेचात सापडला. पॅलेस्टाइनचे नेते यासर अराफात सद्दामच्या बाजूला झुकले.

सगळ्यांत महागात पडलं ते येमेनला. गरीब देश, नेमका त्या वर्षी सुरक्षा परिषदेवर. सौदी अरेबियानं सप्टेंबरातच येमेनी कामगारांच्या सवलती काढून घेतल्या आणि सुमारे आठ लाख माणसांना गाशा गुंडाळून परतावं लागलं. २९ नोव्हेंबरला बळ वापरायची परवानगी देणारा ठराव आला, तेव्हा क्यूबा आणि येमेन या दोघांनीच विरोधात हात वर केला. लगेच अमेरिकेनं येमेनची मदत छाटली. शहाणपण म्हणा, हट्ट म्हणा, किंमत मोजली ती विटा वाहणाऱ्या मजुरानं आणि त्याच्या घरच्यांनी. तीच गत कुवेतमधल्या पॅलेस्टिनींची. चार लाखांच्या आसपास माणसं, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली. नेता एक बोलला, आणि युद्धानंतर बहुतेकांना कुवेत सोडावं लागलं. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं.

आणि आपण? आपलं सरकार बोलण्यात जपून होतं. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दामनं त्यांना मिठी मारली, तो फोटो जगभर छापून आला. खूप टीका झाली. कुवेतमधल्या लोकांनाही ते लागलं, कारण ज्याचं घर गेलं त्याला दरोडेखोराच्या गळ्यातला पाहुणा कसा रुचेल? पण दुसरी बाजूही आहे. पावणेदोन लाख आपली माणसं त्याच्या मुठीत होती. त्यांची सुटका त्याच्या परवानगीशिवाय होणार नव्हती.

ती माणसं बसमधून, मिळेल त्या वाहनानं, कुवेतहून बसरा, बसऱ्याहून बगदाद आणि तिथून वाळवंट तुडवत जॉर्डनला पोचली. सीमेवरच्या छावण्यांत भारत, श्रीलंका, बांगलादेश, फिलिपिन्स सगळीकडची गर्दी. पाण्यासाठी रांगा, सावलीला तंबूचं कापड. अम्मानहून एअर इंडियानं ५९ दिवसांत जवळजवळ ५०० फेऱ्या करून लाखाहून जास्त माणसं मुंबईला आणली. नागरी विमानांनी एवढी माणसं सोडवून आणल्याचं दुसरं उदाहरण तोवर नव्हतं. सिनेमात एक नायक दाखवतात. प्रत्यक्षात मथुन्नी मॅथ्यूजसारखे तिथले व्यापारी, दूतावासातले अधिकारी, वैमानिक, विमानातल्या मुली, मुंबईच्या विमानतळावर चहा-पाव वाटणारे स्वयंसेवक, असे कितीतरी हात त्यात होते.

मी तेव्हा बी.ए.ला होते. दिवस असताना जेवणं उरकली की आमच्या गल्लीतल्या बाया रेडिओभोवती बसायच्या. गोव्याकडच्या एका शेजारणीचा मुलगा कुवेतला होता. त्या मावशींना सुरक्षा परिषद ठाऊक नव्हती. त्या रोज एकच विचारायच्या, "आज किती विमानं आली गो?" मुलगा सव्वा महिन्यानं आला. दोन पिशव्या आणि अंगावरचे कपडे, अकरा वर्षांची कमाई तिथल्या बँकेत अडकलेली.

आणखी एक गोष्ट फार कमी जणींना ठाऊक असेल. व्यापारबंदीमुळे कुवेतमध्ये अडकलेल्या आपल्या लोकांचं धान्य संपत आलं. बंदी होती इराकवर, उपाशी राहणार होते ते परदेशी कामगार. भारतानं हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे लावून धरला. सप्टेंबरात अन्नाबद्दल वेगळा ठराव झाला आणि 'विश्वसिद्धी' हे आपलं जहाज धान्य घेऊन निघालं. शिक्षा द्यायची तर ताटाचं काय, हा प्रश्न मोठमोठ्या मुत्सद्द्यांना सुचायला सहा आठवडे लागले. घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईनं तो पहिल्या दिवशी विचारला असता.

बायांच्या दुःखाचा वापरही झाला, तोही सांगायला हवा. ऑक्टोबरात अमेरिकेत पंधरा वर्षांची एक मुलगी, नायिरा, रडत रडत सांगू लागली की इराकी सैनिकांनी इस्पितळात काचपेटीतली तान्ही बाळं बाहेर काढून जमिनीवर टाकलेली तिनं पाहिली. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. १९९२ मध्ये उघड झालं की ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची मुलगी होती आणि साक्षीच्या मागे पैसे घेऊन प्रचार करणारी कंपनी होती. त्या साक्षीला आधार मिळाला नाही. कुवेतमध्ये खरे अत्याचार झाले नव्हते असं नाही. खून झाले, लूट झाली. अस्रार अल-कबंदी ही तरुणी गुपचूप पैसे, कागदपत्रं, बातम्या पोचवत होती. तिला पकडून जानेवारी १९९१ मध्ये मारून टाकलं. खरी अस्रार असताना खोट्या गोष्टीची गरज का पडावी? खोट्यानं एकदा विश्वास गेला की पुढच्या खऱ्या आईचं रडणंही लोक शंकेनं ऐकतात.

१७ जानेवारी १९९१ ला हवाई हल्ले सुरू झाले, २६ फेब्रुवारीला कुवेत मोकळं झालं. मधल्या काळात, १३ फेब्रुवारीला, बगदादच्या अमिरिया भागातल्या आसऱ्याच्या तळघरावर अमेरिकेचे बॉम्ब पडले आणि चारशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक बाया आणि मुलं. कुवेतच्या बाईचं दुःख निवारायला बगदादच्या बाईचं घर बसलं. परत जाताना इराक्यांनी सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या, त्या विझवायला नोव्हेंबर उजाडला. आणि कुवेतच्या ज्या बाया ऑगस्टमध्ये रणगाड्यांसमोर मोर्चे घेऊन गेल्या होत्या, त्यांना मतदानाचा हक्क मिळाला २००५ मध्ये. देश सात महिन्यांत परत मिळाला, मत चौदा वर्षांनी!

आपल्यालाही हिशेब चुकला नाही. तेल महाग झालं, आखातातल्या मनीऑर्डरी थांबल्या, आधीच पोकळ झालेली आपली तिजोरी उघडी पडली. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं लंडनला गहाण गेलं. पाटल्या गहाण टाकून घर चालवलेल्या बाईला ते लगेच समजलं असेल.

एक चांगली गोष्ट मात्र घडली. नुकसान भरपाईसाठी संयुक्त राष्ट्रांनी आयोग नेमला आणि इराकच्या तेलाच्या पैशातून ती वसूल केली. फक्त राजांना आणि तेल कंपन्यांना नव्हे, तर नोकरी सोडून पळालेल्या कामगारांना, मोलकरणींनाही पैसे मिळाले, आणि आधी त्यांचे दावे घेतले गेले. आमच्या मावशींच्या मुलालाही मिळाले, उशिरा का होईना. सगळे मिळून ५२ अब्ज डॉलरवर वाटप झालं. अर्थात ते फेडताना इराकी जनता एकीकडे व्यापारबंदीत वर्षानुवर्षं पिचत होती, हेही विसरता येत नाही.

त्या आयोगाचं काम संपल्याचा ठराव सुरक्षा परिषदेनं केला २२ फेब्रुवारी २०२२ ला. बरोबर दोन दिवसांनी, २४ तारखेला, रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. एक खातं बंद होतं न होतं तोच दुसरं उघडलं. या वेळी हल्ला करणाराच परिषदेचा कायमचा सभासद, त्यानं नकाराधिकार वापरला आणि ठराव पडला. मग आमसभेत १४१ देशांनी निषेध केला, पाच विरोधात आणि आपल्यासह ३५ तटस्थ. आपली मुलं पुन्हा तळघरात अडकलेली, पुन्हा विमानं, पुन्हा आयांचे फोन.

तटस्थ राहावं की नाही, हे सरकारं ठरवतील. त्यांच्यापुढे तेल असतं, शस्त्रं असतात, अडकलेली माणसं असतात. आपल्यावर तसलं काही ओझं नाही. म्हणून निदान आपण तरी दुसऱ्याच्या घरात घुसणं याला घुसणंच म्हणावं, मग घुसणारा आपल्या ओळखीचा असो की नसो. आणि बातमीत ठराव, मतं, अब्ज डॉलर ऐकून झालं की मावशींचा प्रश्न विचारावा, आज किती माणसं घरी आली?