पत्रे ठोकलेल्या घरांना जाग कशी आली?

लिव्हरपूलचे नाव निघाले की आपल्यापैकी अनेकांना अब्दुल्ला क्विलियम आठवतात. इस्लाम स्वीकारलेल्या या इंग्रज वकिलाने 1889 मध्ये तिथल्या ब्रूम टेरेसमध्ये मशीद आणि संस्था सुरू केली. ब्रिटनमधल्या अगदी सुरुवातीच्या मशिदींपैकी ती एक. 1908 मध्ये क्विलियम शहर सोडून गेले. पुढे त्या वास्तूत जन्म-मृत्यू नोंदणीचे कार्यालय आले, मग ती ओस पडली. लोकांनी खटपट करून तिथली नमाजाची जागा दुरुस्त केली आणि 2014 मध्ये ती पुन्हा उघडली.

या पत्त्यातला ‘टेरेस’ हा शब्द आपल्याला चकवतो. आपल्याकडे टेरेस म्हणजे गच्ची. इंग्लंडमध्ये टेरेस म्हणजे भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरांची सलग ओळ. चाळीसारखी सामाईक गॅलरी नाही, प्रत्येकाचा दरवाजा थेट रस्त्यावर. एकोणिसाव्या शतकात बंदर आणि कारखाने वाढले, तशा अशा हजारो घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. त्याच लिव्हरपूलमधल्या टॉक्स्टेथ भागातल्या चार गल्ल्यांची ही हकिकत आहे. भागाचे नाव ग्रॅनबी.

टॉक्स्टेथ हा बंदराच्या कृपेने तयार झालेला मिश्र मोहल्ला. आफ्रिकी, कॅरिबियन, सोमाली, येमेनी अशी कुटुंबे इथे गोऱ्या शेजाऱ्यांसोबत राहत. ग्रॅनबी स्ट्रीटवर तऱ्हेतऱ्हेची दुकाने होती. बंदराचा धंदा बसला, बेकारी वाढली आणि काळ्या तरुणांवर पोलिसांची वक्रदृष्टी कायमचीच झाली. जुलै 1981 मध्ये त्याचा स्फोट झाला. इंग्लंडच्या भूमीवर दंगल पांगवण्यासाठी सीएस वायू पहिल्यांदा वापरला गेला तो इथेच.

दंगल काही दिवसांत थांबली. तिची शिक्षा मात्र वस्तीला पुढची तीस वर्षे भोगावी लागली. त्याच वर्षी अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी पंतप्रधान थॅचर यांना खासगीत सुचवले होते की लिव्हरपूलचा पद्धतशीर ऱ्हास होऊ देण्याचा पर्याय अगदीच विसरू नये. हे कागद 2011 च्या अखेरीस खुले झाले. हाऊ यांचा सल्ला सरकारचे अधिकृत धोरण बनला नाही. मंत्री मायकेल हेसल्टाइन यांनी उलट शहरात पैसा आणण्याची बाजू लावून धरली. पण ग्रॅनबीत राहणाऱ्याला डोळ्यांसमोर जे दिसत होते, ते ऱ्हासाहून वेगळे नव्हते. पालिका घरे विकत घेई, रहिवासी हलवी, दारे-खिडक्या पत्रे ठोकून बंद करी. एक घर रिकामे झाले की शेजारच्या भिंतीला ओल धरे, मग शेजारीही निघे. 2002 पासून सरकारने ‘पाथफाइंडर’ योजना आणली. तिच्यातही जुनी घरे पाडण्यावरच भर होता. 2010 नंतर ती गुंडाळली गेली, तोवर गल्ल्या बहुतांश ओस पडल्या होत्या.

मला या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते ते यानंतरचे पान. उरलेल्या मोजक्या रहिवाशांनी, त्यातही बायकांनी, झाडू हाती घेतला. पदपथावर कुंड्या मांडल्या, वेली चढवल्या, बंद खिडक्यांच्या पत्र्यांवर चित्रे रंगवली. केर्न्स स्ट्रीटवर बाजार भरू लागला. पाडकामाच्या यादीतल्या गल्लीत झाड लावणे म्हणजे ‘आम्ही इथून हलणार नाही’ असे कागदाशिवाय सांगणेच होते. 2011 मध्ये त्यांनी सामुदायिक भूमी न्यास स्थापला आणि पुढे केर्न्स स्ट्रीटवरची दहा घरे पालिकेकडून मिळवली.

घरांच्या आतल्या कामासाठी ‘असेम्बल’ हा तरुण वास्तुरचनाकारांचा गट आला. पैसा थोडा होता, म्हणून त्यांनी पडझडीलाच कामाला लावले. एखाद्या घरात वरचा मजला आधीच कोसळला असेल, तर तो पुन्हा न घालता खोली उंच ठेवली. पाडलेल्या घरांच्या विटा आणि दगडांचा चुरा सिमेंटात मिसळून, आपल्या मोझॅक फरशीसारखा घोटून, त्यातून शेकोटीच्या चौकटी बनवल्या. टाइल्स, दाराच्या मुठी हातांनी घडवल्या. 2015 मध्ये या कामाला टर्नर पुरस्कार मिळाला. चित्र-शिल्पकारांना मिळणारा हा मानाचा पुरस्कार घरदुरुस्तीला मिळाल्याने कलाजगतात वादही झडला.

शेजारशेजारची दोन घरे फारच खिळखिळी झाली होती. त्यांच्या आतले मजले काढून, वर काचेचे छप्पर घालून आत झाडे लावली. 2019 मध्ये ही बंदिस्त बाग सुरू झाली. तिथे गल्लीतले लोक जमतात.

सजावट आणि हिरवळ पाहून भुलायला होते, पण खरी मेख वेगळीच आहे. वस्ती देखणी झाली की भाव चढतात आणि जुनी माणसे बाहेर फेकली जातात. हे ओळखून न्यासाने दहापैकी पाच घरे भाड्याने दिली. पाच विकली, पण त्यांची किंमत बाजारभावाऐवजी परिसरातल्या लोकांच्या कमाईशी बांधली. पुढे विकतानाही ही अट लागू राहते. कुंड्यांनी वस्ती लोकांच्या नजरेत आणली, या अटीने ती लोकांच्या हातात ठेवली.

दहा घरे म्हणजे शहराच्या हिशेबात काहीच नाहीत आणि पाडलेली घरे परत येत नाहीत. पण ‘या मोहल्ल्याचे आता काही होऊ शकत नाही’ हे वाक्य आपल्या कानांनाही सवयीचे आहे. दंगलीनंतर बदनाम झालेल्या वस्त्यांबद्दल तर ते हमखास ऐकू येते. ते कोणी ऐकवले, तर आधी विचारावे : इथली दारे बंद कोणी केली, आणि दुरुस्तीनंतर किल्ली कोणाकडे राहणार?