मरुभूमीचे दप्तर

मारवाडच्या स्थानिक इतिहासाची साधने वाचताना दस्तऐवज आणि साहित्य ही विभागणी डळमळीत होते. १६५८ ते १६६६ या काळात जसवंतसिंहाचा दिवाण असलेल्या मुहणोत नैणसीने ‘ख्याती’त राजकुळांच्या कथा संकलित केल्या, तर ‘मारवाड रा परगना री विगत’मध्ये गावे, विहिरी, पिके, महसूल नोंदविला. एकाच लेखणीची ही दोन कथने. विगतीत विहीर येते ती महसुलाच्या हिशेबात. पाणी शेंदणारा माणूस तेथे बोलत नाही. अठराव्या शतकातील जोधपूरच्या सनद-परवाना बह्या आज बिकानेरच्या अभिलेखागारात आहेत. त्यांत कारागिरांच्या तक्रारी उमटतात, परंतु दरबारी लेखनिकाच्या शब्दांत. म्हणून निवेदक कोण, हा समीक्षेचा प्रश्न बहीलाही विचारावा लागतो. अन्यथा दरबाराचा आवाजच प्रदेशाचा इतिहास ठरतो.