गिरणगाव ते सायली : गेलेल्या कामाचा इतिहास

सोळाव्या शतकात सासष्टी व तिसवाडीतून देवतांबरोबर आपल्या पूर्वजांनी स्थलांतर केले, घरे व शेते मागे टाकली, ही हकिगत अनेक महाजन घराण्यांत आजही सांगितली जाते. त्यांच्या उद्योगशीलतेत उणीव होती म्हणून त्यांची उपजीविका गेली, असे कोणी म्हणत नाही. परंतु आपल्या काळात एखाद्याची नोकरी गेली, की लोक त्याच्याच कर्तबगारीची चौकशी आरंभितात. हा न्याय कितपत योग्य, हे पाहण्यास मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास उपयोगी पडेल.

मुंबईत कावसजी दावर यांनी 1854 साली पहिली कापडगिरणी स्थापिली. पुढे परळ, लालबागचा परिसर गिरणीच्या भोंग्यावर उठू-निजू लागला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडील माणसांनी तेथे पिढ्या घालविल्या. तथापि हे काम सर्वांसाठी कायमचे कधीच नव्हते. ‘बदली’ कामगार रोज फाटकापाशी उभा राही. कोणी गैरहजर असेल तरच त्यास साचा मिळे. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लक्ष कामगार संपावर गेले. वेतनवाढ आणि बदली कामगारांस कायम करणे या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. 1946 च्या कायद्यान्वये वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेस होता; बहुसंख्य कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या पाठीशी असूनही तो त्यांस लाभला नाही. संप रीतसर मागे घेतला गेला नाही, आणि हजारोंना पुन्हा कामावर जाता आले नाही.

परंतु सारा दोष संपाच्या माथी मारणे युक्त नव्हे. यंत्रे जुनी झाली होती, भिवंडीच्या यंत्रमागांवरील कापड स्वस्त पडत होते, आणि कृत्रिम धागा सुताची जागा घेऊ लागला होता. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने या धाग्यास उत्तेजन दिले. बंद पडलेल्या गिरण्यांतील कामगारांसाठी 1986 साली केंद्राने पुनर्वसन निधी स्थापिला; त्यातून पहिल्या वर्षी वेतनाच्या 75, दुसऱ्या वर्षी 50 व तिसऱ्या वर्षी 25 टक्के साहाय्य देण्याची तरतूद होती. चौथ्या वर्षी मात्र कुटुंबाने आपले आपण पाहावयाचे!

या कृत्रिम धाग्याचा माग घेत आपण सिल्वासानजीकच्या सायली गावी येतो. गोमंतकाप्रमाणे पोर्तुगीज अमलाखाली असलेली नगर हवेली 1954 साली मुक्त झाली आणि 1961 मध्ये भारतात विलीन झाली. पुढे मागास प्रदेश म्हणून येथील उद्योगांस करसवलती मिळाल्या. वारली, कोकणा, धोडिया यांच्या या शेतीप्रधान मुलखात पॉलिस्टर धाग्याचे कारखाने उभे राहिले. सायलीतही औद्योगिक वसाहत वसली व दूरदूरच्या प्रांतांतून कामगार आले. पण ज्या सवलतीने कारखाने आणले, तिला मुदत होती. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा चालती यंत्रेही थांबली. ज्याचे नाव केवळ ठेकेदाराच्या वहीत, त्याने अशा वेळी दाद कोणाकडे मागावी?

परळचा विणकर आळशी नव्हता, आणि सायलीचा कामगारही नाही. खनिज तेलाचा भाव, सरकारी धोरण, कराची मुदत, रोगाची साथ, यांपैकी कशावरही त्यांचा अधिकार चालत नव्हता. काम त्यांच्या हातून सुटले नाही; ते त्यांच्या हातून काढले गेले.

महाजनकीचा मान वेतनाच्या पावतीवर अवलंबून नाही, ही आपल्या परंपरेची थोरवी होय. नोकरी गेलेला बांधव संकोचाने उत्सवास येईनासा झाला, तर उणेपण त्याचे नसून आपले ठरेल. वर्गणीस सवड द्यावी, मुलांच्या शिक्षणाची विचारपूस करावी, नव्या कामासाठी शब्द टाकावा. काम का गेले, हे त्यास विचारण्यापूर्वी इतिहासास विचारावे.